शालिग्रामदादांची भिंत

आधीच सांगून ठेवतो, मी लबाडी केलेली नाही. गावात कोणी काहीही सांगो. मी अर्थशास्त्राचा एम.ए. आहे, दुसरबीडच्या फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान आहे, आणि आजवर मी कोणाच्या जन्मतारखेतसुद्धा खाडाखोड केलेली नाही, मागणारे रोज येत असले तरी. जे झालं ते भिंतीमुळे झालं.

भिंत शालिग्रामदादांची. शेडनेटमधल्या मिरचीच्या बियाण्याची चार सालं दादांना चांगली गेली आणि त्यांनी आमच्या गावाच्या तोंडाशीच दोन मजली बंगला बांधला. समोरच्या भिंतीला हिरव्या-सोनेरी टाइल्स, चोचीला चोच लावून उभे दोन मोर, वर स्टीलचा कठडा. बंगला झाला त्या दिवसापासून गावातला एकही फोटो दुसरीकडे निघालेला नाही. बारशाचा तिथं, साखरपुड्याचा तिथं, मुलीचा स्थळाला पाठवायचा तोही तिथंच. कडूबांनी म्हैस विकायला काढली तेव्हा तिलासुद्धा मोरांसमोर उभं केलं, आणि म्हैस बाजारात न नेता फोनवरच विकली गेली. मी बोलणारा कोण म्हणा. पदवीदानाचा काळा झगा घालून मीही तिथं उभा राहिलो होतो. तो फोटो अजून माझ्या फोनवर लागलेला आहे आणि त्यात मी बंगल्याचा मालक वाटतो.

तर पुण्याच्या एका संस्थेला खेड्यातली माणसं कशा घरात राहतात याचा अभ्यास करायचा होता, आणि आमच्या गावाची पाहणी माझ्याकडे आली. बुलढाण्याला तीन दिवस प्रशिक्षण झालं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, स्वयंपाकघर वेगळं असेल तरच ती खोली धरायची, गोठा खोलीत धरायचा नाही, असं सगळं घोटून घेतलं. सत्तेचाळीस प्रश्न टॅबमध्ये भरायचे आणि शेवटी कुटुंबाला घरासमोर उभं करून फोटो घ्यायचा. मला वाटलं, माणूस खरंच तिथं गेला होता की झाडाखाली बसून भरलं, एवढं बघण्यापुरता तो फोटो असणार. एकतीस घरांची यादी पुण्याहूनच आली. त्यात शालिग्रामदादांचं घर नव्हतं.

पहिलं घर कडूबांचं. सत्तेचाळीस प्रश्नांना त्यांनी खरी उत्तरं दिली. खोली एक, माणसं सात. छपराला टिन, एका बाजूची भिंत काड्यांच्या कुडाची, हे मला दिसत होतं, पण त्याचा प्रश्नच टॅबमध्ये नव्हता. मग मी म्हणालो, "आता फोटो." कडूबा उठले, आत जाऊन पांढरा सदरा घालून आले, केसांना पाणी लावलं आणि अख्खं कुटुंब घेऊन चालायला लागले.

"कुठं चालले?" मी ओरडलो.

"फोटो काढाचा म्हनतं नं?"

"इथंच काढायचा आहे. घरासमोर!"

कडूबांनी आपल्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या कुडासमोर? अबे, पुन्याचे लोक पाहतीन. शिकेल मानूस हायेस तू, जराशी अक्कल वापर."

एप्रिलचं ऊन, टॅबची बॅटरी उतरत चाललेली, आणि कडूबा निम्म्या वाटेवर पोचलेले. मी गेलो मागे. एक फोटो, म्हटलं, काय बिघडतं. मी दुसऱ्या घरी पोचेपर्यंत दुसरं घर नटूनथटून मोरांजवळ जाऊन बसलं होतं. तिसऱ्या घरच्या जनकाबाईंनी तर फोटो आधी आणि प्रश्न मागून, अशी अटच घातली, कारण नेसलेलं नवं लुगडं त्यांना स्वयंपाकाआधी सोडायचं होतं. दुपारपर्यंत भिंतीशी रांग लागली. मी चिडलो, हातवारे केले, नियमांचा कागद वाचून दाखवला. लोकांनी तो शांतपणे ऐकला आणि पुढचं कुटुंब उभं राहिलं.

सतरावं घर चांगुणाकाकींचं. आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे. काकींनी अठरा वर्षं जालना आणि खामगावला बांधकामावर विटा वाहिल्या. गवंडी कसा ओळंबा सोडतो, सिमेंट-वाळूचा माल किती पातळ ठेवतो, हे बघून बघून शिकल्या आणि तीन उन्हाळ्यांत स्वतःचं घर स्वतः उभं केलं. दीड खोली, बाहेरून गिलावा नाही, वर टिन. दार मात्र झकास, पाडलेल्या शाळेचं, निळ्या रंगाचं. चौकटीच्या खिळ्याला काकींचा ओळंबा, दोरीला बांधलेला लोखंडी गोळा, लटकलेला असतो, लोकांकडे घड्याळ असतं तसा.

"काकी, चला पटकन मोरांजवळ," मी म्हणालो.

"काऊन?"

"फोटो."

"घराचा फोटो पाह्यजे नं तुले? मंग घर इथं हाय."

"सगळे तिथंच काढतायत, काकी. फोटो चांगला येतो."

काकी उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. "त्या भितीच्या इटा म्या वाह्यल्या. मोर बसवले तवा माल म्या कालवला. तिले माह्याइतकं गावात कोनी वळखत नाही. पन ते माहं घर नाही."

मग त्यांनी ओळंबा खिळ्यावरून काढला, हातात धरून निळ्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि मला दटावलं, "भीत पुरी येऊ दे. कोपरा कापू नको." मी फोटो काढला. काकींनी तो डोळे बारीक करून तपासला.

"हे पुन्याले जाईन?"

"जाईल. तिथं कायमचं राहील."

"अठरा वर्सं लोकाईचे घरं बांधले, प्रसेन. माह्या घराकडं कोनी मान वर करून पाह्यलं नाही. एखादा तं पाहीन आता."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या एका फोटोमुळे मी माझी रीत बदलली नाही. उरलेली चौदा घरं पुन्हा मोरांसमोर. अठरावं घर कोणाचं, ते पुढे सांगतो.

जूनमध्ये पुण्याहून फोन आला. बोलणारा मुलगा फार नम्र होता. "सर, तुमच्या गावातलं घर क्रमांक सतरा बाकीच्यांशी जुळत नाही. तीस घरं दोन मजली, टाइल्सची, आणि हे एकच उघड्या विटांचं, टिनाचं. चुकून दुसऱ्या गावाचा फोटो लागलाय का?"

तेव्हा मला कळलं की फोटो पुराव्यासाठी नव्हता. पुण्यात बसून फोटो बघायचा आणि भिंत, छप्पर, मजले तिथंच भरायचे, अशी त्यांची पद्धत. भरणारी मुलं पंधरा-वीस, आणि गावोगावचे फोटो त्यांच्यात मिसळून वाटलेले. आमच्या गावाचे दोन फोटोसुद्धा एकाच माणसासमोर शेजारी आले नसावेत. जुळत नाही हे शोधलं ते कॉम्प्युटरने, आणि त्याला सतरा नंबर खुपला.

सतरा बरोबर आहे म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न बाकीच्या तीस घरांचा होता. मी म्हणालो, "हो, चूक झाली. काढून टाका." एवढं म्हणायला मला हातातला चहा खालीसुद्धा ठेवावा लागला नाही.

त्यानंतर दर आठ दिवसांनी कुंपणावरून काकींचा आवाज यायचा. "प्रसेन, माहं घर पोचलं का रे पुन्याले?"

"पोचलं, काकी."

"पाह्यलं लोकाईनं?"

"पाहिलं."

"काय म्हने?"

"भिंत सरळ आहे म्हणाले."

त्या दिवशी काकींनी मला वाटीभर ठेचा आणून दिला. मी तो खाल्ला. मला माझी लाज वाटत होती, पण ठेचा चांगला झाला होता.

ऑगस्टच्या शेवटी मयुरी मॅडमचा फोन आला. त्या पुण्याच्या संस्थेतल्या संशोधक, या सगळ्या आकड्यांवर त्यांचाच अभ्यास चालला होता. त्यांच्या आवाजातून आनंद ओसंडत होता. "प्रसेनजित, तुमचं गाव म्हणजे कमाल आहे! दोन मजली घर, टाइल्स, आणि आत एकच खोली, सात माणसं! लोक आधी दर्शनी भाग बांधतात आणि आतलं बांधायचं राहूनच जातं. मी याला दर्शनी घर म्हणते. मागच्या महिन्यात नागपूरला चाळीस लोकांसमोर मांडलं. आता मला ती घरं डोळ्यांनी बघायची आहेत. गुरुवारी येते."

मी माझ्या आईला, महामायाला, फक्त एवढंच म्हणालो की गुरुवारी पुण्याहून मॅडम येणार आहेत. कोणाला सांगू नको असंही म्हणालो. आईने ते फक्त समोरच्या रुखमाबाईंना सांगितलं.

गुरुवारी मी फाट्यावरच मॅडमची जीप गाठली. ठरवलं होतं की गावात शिरण्याआधी सगळं कबूल करायचं. पण मॅडम चेहऱ्याने इतक्या उत्सुक, आणि मांडीवर आकड्यांच्या कागदांची चळत. माझा धीर सुटला. मी त्यांना पोहे खाऊ घातले, चहा पाजला, पुन्हा चहा पाजला. मग म्हणालो, "मॅडम, एवढ्या लांब आलात तर आधी लोणारचं सरोवर बघून या."

"सरोवर उद्याही तिथंच असेल," मॅडम म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

चार किलोमीटर रस्ता. प्रत्येक वळणाला मी तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. शेवटच्या वळणावर म्हणालो, "मॅडम, एक गोष्ट सांगायची होती," आणि तेवढ्यात गाव आलं.

शालिग्रामदादांच्या भिंतीसमोर रांग लागली होती. एप्रिलात उभी राहिलेलीच कुटुंबं. पांढरे सदरे, नवी लुगडी, पावडर लावलेली लेकरं. कडूबा सर्वांत पुढे, केस ओले. फोटोवाल्या मॅडम येणार एवढंच रुखमाबाईंकडून गावाला कळलं होतं, आणि फोटो म्हटल्यावर गावाला जागा सांगावी लागत नाही.

"किती छान स्वागत!" मॅडम उतरत म्हणाल्या.

तेवढ्यात बंगल्याचं दार उघडलं आणि शालिग्रामदादांच्या बायको, पुष्पाबाई, खराटा घेऊन बाहेर आल्या. "पुन्हा आले का? मांगच्या येळेस तीस घरचे लोक आनून उभे केले माह्या दाराशी! माह्या खिडकीच्या काचीत पाहून समद्याईनं केस इंचरले. पापड वाळू घालाले जागा ठेवली नाही मले!"

"तीस?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी जीपच्या बोनेटवर लॅपटॉप उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावाचे फोटो एकापाठोपाठ एक पाहिले. मीही पहिल्यांदाच पाहिले. पहिल्या फोटोत मोरांच्या बाजूची खिडकी बंद. चौथ्यात उघडली. नवव्यात पुष्पाबाईंचं तोंड. चौदाव्यात कंबरेवर हात. बाविसाव्यात खराटा. अठ्ठाविसाव्यात नुसताच खराटा, पुष्पाबाई कुठं दिसत नाहीत. आणि शेवटच्या फोटोत वरून येणारं बादलीभर पाणी, हवेतच, आणि खाली डोळे घट्ट मिटलेलं एक अख्खं कुटुंब.

मॅडम बंगल्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "चाळीस लोकांसमोर मांडलंय हो मी हे."

कडूबांना त्यांची दया आली. ते जवळ उकिडवे बसले आणि समजुतीने म्हणाले, "म्याडम, फोटोतलं घर येगळं असते अन् राह्याचं येगळं असते. तुमच्या पुन्यात नसते का तसं?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला ते वाक्य लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो. रागावल्या नाहीत, उलट लिहून घेतायत. तेवढ्यात रांगेच्या बाहेरून चांगुणाकाकी आल्या. त्या रोजच्याच लुगड्यात होत्या, हाताला शेण लागलेलं, तशाच.

"जयभीम, म्याडम. माहं घर पोचलं नं? सतरा नंबर. निळ्या दाराचं."

मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. "सोळा. मग अठरा. सतरा नाही दिसत." त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. "हां, होतं. चूक म्हणून वगळलंय. इथं शेरा आहे. चुकीचा फोटो, गावातून कळवलं."

"कोनं कळवलं?" काकींनी विचारलं.

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. पुष्पाबाईसुद्धा खराटा खाली टेकवून बघत होत्या.

"मी," मी म्हणालो. "काकी, मीच सांगितलं काढून टाका. तुमचं घर एकटंच खरं होतं. ते ठेवलं असतं तर बाकीची तीस खोटी पडत होती."

काकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग भीत सरळ हाय म्हने, ते कोन म्हनलं?"

मी हातातल्या टॅबची काच सदऱ्याला पुसत राहिलो. एम.ए. माणूस, भर गावात, मोरांसमोर.

मॅडम उठल्या. "मला सतरा नंबर दाखवा," त्या काकींना म्हणाल्या. पुढे काकी, मागे मॅडम, त्यांच्या मागे मी आणि माझ्या मागे नटलेलं गाव. निळ्या दारापाशी मॅडम थांबल्या. भिंतीवरून हात फिरवला, आत जाऊन दीड खोली मोजली. काकींनी खिळ्यावरचा ओळंबा काढून भिंतीच्या माथ्याशी धरला. गोळा खाली आला, दोनदा डुलला आणि भिंतीच्या पायाशी थांबला. वरपासून खालपर्यंत दोरी आणि विटा यांच्यात एकसारखं अंतर.

"सरळ आहे," मॅडम म्हणाल्या. "अगदी सरळ आहे, काकी."

काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण चेहरा जरा सैल पडला.

मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या सतरा नंबर परत घेतला आणि बाकीचे तीस काढून टाकले. "आता या गावात एकच घर उरलं," त्या म्हणाल्या. "एका घरावरून मला काहीच सांगता येणार नाही. प्रसेनजित, तीसही घरांचे फोटो पुन्हा काढायचे. ज्याच्या त्याच्या दारात. आत्ता, मी असताना. सुरुवात शेजारून करू. अठरा नंबर कोणाचा?"

गाव माझ्याकडे बघायला लागलं. या खेपेला गालात हसत.

अठरा नंबर माझा. स्वतःच्या घराची पाहणी स्वतः करायची नाही असा नियम होता, पण एका घरासाठी दुसरा माणूस बुलढाण्याहून कोण येणार, म्हणून मीच भरलं होतं. आणि त्या दिवशी आईला भिंतीपाशी घेऊन गेलो होतो तो मीच. आई म्हणाली होती, दारातच काढ, मले चालवत नाही. मी तिला स्कूटीवर बसवून नेलं. कडूबांना कुडाची लाज वाटली म्हणून मी एवढा खेकसलो, आणि माझ्या घराची पडवीकडची भिंत फुगलेली आहे, तिला बल्ली लावून टेकू दिलाय, भेगेत खताच्या गोणीचा बोळा कोंबलाय, हे मी आजवर फाट्यावरच्या एकाही गिऱ्हाईकाला कळू दिलेलं नाही. स्थळं आली तर त्यांना मी मोरांचा फोटो पाठवतो. म्हणून ती भिंत मला एप्रिलात इतकी सोयीची वाटली, उन्हाचं नुसतं निमित्त होतं.

"फोटो कोण काढणार?" मॅडमनी विचारलं. "घरचा माणूस फोटोत हवा."

"म्या काढतो," काकी म्हणाल्या आणि माझ्या हातातून टॅब घेतला.

आई दारात येऊन बसली. मी तिच्या बाजूला उभा राहिलो आणि बल्ली झाकली जाईल असा जरा डावीकडे सरकलो.

"उजवीकडं हो," काकी म्हणाल्या. "भीत पुरी येऊ दे."

मी उजवीकडे झालो. मग टॅब मॅडमकडे देऊन काकी पुढे आल्या, आमच्या भिंतीशी ओळंबा सोडला, एक डोळा मिटला आणि खालच्या अंगाला दोरी आणि भिंतीतलं अंतर बोटांनी मोजलं.

"चार बोटं भाईर हाय. दिवाईच्या आंधी उतरवून घ्या लागते. इटा आन. म्या रचतो, तू माल कालव."

"हो, काकी."

"अन् हासू नको. सरळ उभा राह्य, भितीसारखा नको."

गाव हसलं. कडूबा सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मग गुपचूप आपल्या घराकडे निघाले, कुड जरा शेणाने सारवून घ्यायला. काकींनी टॅब परत घेतला. पहिल्या फोटोत त्यांचाच अंगठा आला. दुसरा ठीक आला. त्यात आई आहे, मी आहे, बल्ली आहे, गोणीचा बोळा आहे, आणि कडेला निम्मं निळं दार आहे. तो फोटो पुण्याला पोचला आहे. मी फोन करून खात्री करून घेतली आणि काकींना खरंखरं सांगितलं, दोन्ही घरं पोचली.